दोन नद्यांमधली पट्टी

नमस्कार.

आपल्यापैकी पुष्कळांचं कुणी ना कुणी टेक्सासात असतं. भाचा ऑस्टिनला, नाहीतर मावसबहिणीची लेक ह्यूस्टनला. ही दोन्ही शहरांची नावं माणसांवरून पडली आहेत, स्टीफन ऑस्टिन आणि सॅम ह्यूस्टन. आणि ही दोघं ज्या देशासाठी राबली, तो देश आज नकाशावर नाही. १८३६ ते १८४५ अशी जवळजवळ दहा वर्षं टेक्सास हे स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. स्वतःचा राष्ट्राध्यक्ष, स्वतःचं चिमुकलं आरमार, झेंड्यावर एकच चांदणी. मग ते अमेरिकेत विलीन झालं, आणि चार महिन्यांत अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात लढाई जुंपली.

शाळेच्या पुस्तकात हे सगळं दोन ओळींत संपतं. विलीनीकरण झालं, म्हणून युद्ध झालं. पण मला वाटतं, विलीनीकरण मेक्सिकोनं दातओठ खात का होईना, गिळलं असतं. गिळता आली नाही ती दोन नद्यांमधली जमीन. त्या जमिनीबद्दलच आज बोलायचं आहे.

आधी थोडं मागचं. टेक्सास हा मेक्सिकोचा प्रांत. १८२१ मध्ये मेक्सिको स्पेनपासून सुटला. उत्तरेकडचा हा मुलूख ओस पडलेला, कोमांचे आदिवासींच्या टोळ्यांचा धाक कायमचा. म्हणून सरकारनं अमेरिकन शेतकऱ्यांना स्वस्तात जमिनी देऊन बोलावलं. ऑस्टिननं पहिली तीनशे कुटुंबं आणली. कॅथलिक व्हायचं आणि मेक्सिकोचे नागरिक व्हायचं, अशी अट होती. नागरिक ते कागदावर झाले. येताना मात्र कापसाच्या शेतीसाठी गुलाम घेऊन आले, आणि १८२९ मध्ये मेक्सिकोनं गुलामगिरी बंद केली. तिथून कुरबुर वाढत गेली. पुढं मेक्सिकोचे सत्ताधीश जनरल सांता आन्ना यांनी प्रांतांचे अधिकार काढून सगळी सत्ता राजधानीत ओढली, आणि १८३५ मध्ये बंड पेटलं. सॅन अँटोनियो गावातल्या आलामो गढीचा वेढा तुम्ही ऐकला असेल. तेरा दिवसांनी, ६ मार्च १८३६ला, आतले बंडखोर जवळजवळ सगळे मारले गेले. सहा आठवड्यांनी, २१ एप्रिलला, सॅन हासिंतो इथं दुपारच्या वेळी ह्यूस्टनच्या लोकांनी बेसावध मेक्सिकन छावणीवर झडप घातली. लढाई अठरा मिनिटांची. कत्तल त्यानंतरही चालू राहिली. दुसऱ्या दिवशी खुद्द सांता आन्ना साध्या शिपायाच्या वेषात सापडले.

आता इथं जरा थांबू या, कारण पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथं आहे.

कैदेतल्या सांता आन्नांकडून सह्या घेतल्या गेल्या. मेक्सिकोचं सैन्य रिओ ग्रांदे नदीच्या पलीकडे जाईल, असं त्यात लिहिलं. मेक्सिकोच्या सरकारनं सांगितलं, कैद्याच्या सहीला आम्ही बांधील नाही. त्यांचं म्हणणं कुठल्याही कोर्टात टिकलं असतं. पण टेक्सासच्या काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, त्याच वर्षी डिसेंबरात कायदा करून टाकला, की आमची हद्द रिओ ग्रांदे, मुखापासून थेट उगमापर्यंत. अडचण अशी, की टेक्सास प्रांताची जुनी हद्द नुएसेस नदीची. ती रिओ ग्रांदेच्या बरीच उत्तरेला. समुद्राजवळ दोन्ही नद्यांमध्ये सुमारे दीडशे मैलांचं अंतर, आणि त्या पट्ट्यात काटेरी झुडपं, मोकाट गुरं, रानघोडे आणि मेक्सिकन वस्त्या. लारेडो गावात कारभार मेक्सिकोचा. उगमापर्यंतची रेघ धरली तर सांता फे शहरसुद्धा टेक्सासात येत होतं, आणि तिथं टेक्सासचा एक शिपाई नव्हता. आपल्याकडच्या खेडेगावात सांगायचं तर वहिवाट एकाची, कागद दुसऱ्याचा, आणि तो कागदही दाबून सही घेतलेला.

या देशाचा संसार कसा चालला? ओढगस्तीनं. तिजोरीत खडखडाट. लाल नोटा छापल्या, त्यांना बाजारात कुणी विचारीना. कर्ज एक कोटी डॉलरच्या घरात गेलं. फ्रान्सच्या वकिलाचं, म्हणजे राजदूताचं, आणि ऑस्टिनमधल्या एका खाणावळवाल्याचं डुकरांवरून भांडण झालं. डुकरं वकिलाच्या घोड्यांचा दाणा खातात म्हणून नोकरानं ती मारली. प्रकरण इतकं चिघळलं की वकीलसाहेब गाव सोडून गेले! हसू येतं, पण १८४२ मध्ये मेक्सिकोच्या फौजेनं सॅन अँटोनियो दोनदा घेतलं तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं.

आणि हुआन सेगीन यांची गोष्ट तर मला फार लागते. सेगीन मूळचे तिथलेच, स्पॅनिश बोलणारे. सॅन हासिंतोला ते टेक्सासच्या बाजूनं लढले. आलामोत मेलेल्यांची राख त्यांनीच मानानं पुरली. सॅन अँटोनियोचे ते महापौर झाले. पण नव्यानं आलेल्या गोऱ्यांना प्रत्येक मेक्सिकन नाव फितुराचंच वाटे. १८४२ मध्ये जिवाच्या भीतीनं सेगीन मेक्सिकोत गेले, आणि पुढच्या युद्धात त्यांना मेक्सिकोच्या बाजूनं उभं राहावं लागलं. ज्यांनी देश घडवला त्यांनाच त्यात जागा उरली नाही.

बहुसंख्य टेक्सासकरांना हा वेगळा देश मुळात नकोच होता. १८३६ मध्येच मतदान घेतलं, तेव्हा अमेरिकेत जायच्या बाजूनं तीन हजारांवर मतं पडली, विरोधात शंभरसुद्धा नाहीत. नको म्हणाली ती अमेरिका. कारण गुलामगिरी. टेक्सास आलं की गुलामांचं आणखी एक राज्य वाढणार, सिनेटमधला, म्हणजे अमेरिकन संसदेच्या वरच्या सभागृहातला, तोल बिघडणार, वर मेक्सिकोशी लढाई. नऊ वर्षं हा निखारा हातात घ्यायला कुणी तयार होईना. १८४४ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष टायलर यांनी विलीनीकरणाचा तह केला, तर सिनेटनं तो ३५ विरुद्ध १६ मतांनी फेटाळला.

मग काढली पळवाट. तहाला सिनेटमध्ये दोनतृतीयांश मतं लागतात. साध्या ठरावाला साधं बहुमत पुरतं. म्हणून तह नको, दोन्ही सभागृहांचा ठराव करू. सिनेटमध्ये ठराव २७ विरुद्ध २५ असा निसटता पास झाला. टायलर यांनी १ मार्च १८४५ला सही केली. त्यांची मुदत संपायला तीन दिवस राहिले होते. त्या ठरावात एक वाक्य होतं: इतर देशांशी हद्दीचे प्रश्न निघाले, तर ते अमेरिकेचं सरकार सोडवील. म्हणजे शेत घेतलं, बांध कुठला ते नंतर बघू.

यानंतरचा प्रसंग फारसा कुणी सांगत नाही. इंग्लंडला आणि फ्रान्सला टेक्सास स्वतंत्रच हवं होतं. ब्रिटिश वकील होते चार्ल्स इलियट. होय, तेच, ज्यांनी चीनशी अफूच्या युद्धात हाँगकाँग घेतलं आणि एवढ्यावरच भागवलं म्हणून लंडनची बोलणी खाल्ली. त्या अफूतली पुष्कळशी आपल्या मुंबई बंदरातूनच जात असे. तर हे इलियट १८४५ मध्ये भलतीकडेच जातो असं सांगून गुपचूप मेक्सिकोला गेले. डोक्यावर पांढरी हॅट होती, म्हणून अमेरिकन वर्तमानपत्रांनी पुढं त्यांना ‘पांढऱ्या हॅटवाला’ करून टाकलं. पण काम त्यांनी फत्ते केलं. मेक्सिको कबूल झाला: टेक्सासचं स्वातंत्र्य मान्य, मात्र दुसऱ्या कुठल्या देशात जायचं नाही.

टेक्सासचे राष्ट्राध्यक्ष अॅन्सन जोन्स यांनी दोन्ही कागद लोकांपुढं ठेवले. एका हातात शांतता आणि स्वातंत्र्य, दुसऱ्या हातात अमेरिका. लोकांनी अमेरिका उचलली. मेक्सिकोचा कागद टेक्सासच्या काँग्रेसमध्ये टिकला नाही. ४ जुलैला अधिवेशन भरलं, तिथं विलीनीकरणाच्या विरोधात एकच मत पडलं. २९ डिसेंबर १८४५ला टेक्सास अमेरिकेचं अठ्ठाविसावं राज्य झालं. पुढं फेब्रुवारीत ऑस्टिनला चांदणीचा झेंडा उतरवताना जोन्स म्हणाले, टेक्सासचं प्रजासत्ताक आता उरलेलं नाही.

अमेरिकेचे नवे राष्ट्राध्यक्ष पोक यांना कॅलिफोर्नियाही हवा होता. त्यांनी स्लायडेल नावाचा दूत पाठवला. रिओ ग्रांदेची हद्द कबूल करा, कॅलिफोर्निया आणि न्यू मेक्सिको विका, पैसे घ्या. मेक्सिकोत त्याला भेटायलाही कुणी धजावलं नाही, कारण भेटणाऱ्याची खुर्ची दुसऱ्या दिवशी गेली असती. तेव्हा पोक यांनी नुएसेसच्या मुखाशी बसलेल्या जनरल टेलर यांना पुढं सरकायला सांगितलं. मार्चअखेर टेलर रिओ ग्रांदेवर पोचले आणि मातामोरोस गावासमोर तोफा लावून बसले. त्या फौजेतला ग्रँट नावाचा एक तरुण लेफ्टनंट पुढं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. म्हातारपणी त्यानं लिहून ठेवलं, की आम्हाला कुरापत काढायलाच पाठवलं होतं, पण पहिला वार मेक्सिकोनं करणं गरजेचं होतं.

२५ एप्रिल १८४६ला तो वार झाला. नदी ओलांडून आलेल्या मेक्सिकन घोडदळानं अमेरिकन तुकडीला गाठलं, काहींना मारलं, उरलेल्यांना धरून नेलं. ही बातमी वॉशिंग्टनला पोचली ९ मेच्या संध्याकाळी. त्याच दिवशी, बातमी यायच्या आधी, पोक यांनी मंत्रिमंडळात युद्धाचा विषय काढलेला होता! दोन दिवसांनी त्यांनी काँग्रेसला सांगितलं, मेक्सिकोनं अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकनांचं रक्त सांडलं. पुढच्याच वर्षी एक नवखा खासदार उठून विचारत होता, ती जागा नेमकी कुठली ते दाखवा. त्याचं नाव अब्राहम लिंकन. उत्तर पोक यांनी दिलंच नाही.

युद्धाच्या लढाया मी आज सांगत बसत नाही. सप्टेंबर १८४७ मध्ये अमेरिकन फौज मेक्सिकोच्या राजधानीत शिरली. २ फेब्रुवारी १८४८च्या तहात कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा आणि न्यू मेक्सिको-अॅरिझोनाचा मोठा भाग गेला. टेक्सास धरून मेक्सिकोचा निम्म्याहून जास्त मुलूख. बदल्यात दीड कोटी डॉलर. आणि हद्द ठरली रिओ ग्रांदेच.

पण नदीच ती. १८६४च्या पुरात एल पासोजवळ तिनं पात्र बदललं, दक्षिणेकडे सरकली, आणि मेक्सिकोची चामिसाल नावाची जमीन अमेरिकेच्या काठावर येऊन पडली. लवादानं १९११ मध्ये मेक्सिकोच्या बाजूनं कौल दिला, अमेरिकेनं तो मानला नाही. शेवटी १९६३ मध्ये तह झाला. पाच हजारांवर माणसांना घरं सोडावी लागली, आणि जमीन परत द्यायच्या समारंभाला अमेरिकेचे जे राष्ट्राध्यक्ष आले, ते लिंडन जॉन्सन, टेक्सासचेच. रिओ ग्रांदे आता तिथं सिमेंट काँक्रीटच्या पात्रातून वाहते.

नमस्कार.