दोन शहरांमधले अंतर आणि विमानाचा वेळ

श्रोतेहो, दोन शहरांमधले अंतर विचारले की आपण एक आकडा सांगतो, आणि विमानाला किती वेळ लागेल असे विचारले की त्याच आकड्याला वेगाने भागून मोकळे होतो. प्रवासी विमान साधारणपणे ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडते, म्हणून ५,४०० किलोमीटरला सहा तास. या भागाकारात चूक नाही; पण त्यातले अंतर आणि वेग या दोहोंविषयी आपली समजूत फार ढोबळ असते.

आधी अंतर पाहू. माद्रिद आणि न्यूयॉर्क ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर, सुमारे ४०.५ अंश उत्तरेला आहेत. सपाट नकाशावर त्यांच्यात सरळ आडवी रेघ ओढली, तर ती सुमारे ५,९३० किलोमीटर भरते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला, तर तो उत्तरेकडे वळतो, मध्यावर ४६ अंशांपर्यंत चढतो आणि सुमारे ५,७६० किलोमीटरच भरतो. नकाशावर वाकडी दिसणारी ही वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा, म्हणजेच गोलावर काढता येणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचा, कंस, आणि गोलावरची सर्वांत जवळची वाट तीच.

वेगाची गोष्ट याहून रंजक आहे. विमानाचा ताशी ९०० किलोमीटर हा वेग भोवतीच्या हवेच्या तुलनेत असतो, आणि ती हवा स्वतःच वाहत असते. जमिनीपासून सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या अरुंद, वेगवान वाऱ्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची नोंद केली होती. पण त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला आणि बाहेरच्या जगाचे त्याकडे फारसे लक्षच गेले नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे ५,५०० किलोमीटर आहे. ताशी १०० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल, तर विमान साडेपाच तासांत पोहोचेल. तोच वारा समोरून आला, तर सुमारे सहा तास बावन्न मिनिटे लागतील. जाताना गमावलेले येताना भरून निघेल, असे वाटते ना? बेरीज करून पाहा. वारा नसता, तर जाऊन-येऊन बारा तास तेरा मिनिटे लागली असती. वाऱ्यात मात्र बारा तास बावीस मिनिटे होतात, कारण समोरच्या वाऱ्याशी विमान जास्त वेळ झुंजत असते आणि पाठचा वारा त्याला कमी वेळ मिळतो. म्हणूनच उत्तर अटलांटिकवरचे हवाई मार्ग दररोज वाऱ्याचा अंदाज पाहून नव्याने आखले जातात, आणि लांबीने जास्त असलेली वाटही अनेकदा वेळेने कमी ठरते.

वेळापत्रकातल्या वेळेत विमान फलाटावरून हलल्यापासून दुसऱ्या फलाटावर थांबेपर्यंतचा, धावपट्टीकडे सरकण्याचा काळही धरलेला असतो, एवढे सांगून पुढे जातो.

शेवटचे उदाहरण हेलसिंकी आणि टोकियोचे. बृहद्वृत्तावर हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे, आणि रशियाच्या आकाशातून जाणारे विमान ते साडेनऊ तासांच्या आसपास कापत असे. २०२२ मध्ये ती हवाई हद्द युरोपीय विमानांना बंद झाली. आता हीच विमाने कधी उत्तर ध्रुवावरून, तर कधी दक्षिणेकडून मध्य आशियामार्गे वळसा घेतात, जास्त इंधन भरून निघतात, आणि त्याच दोन शहरांमधल्या प्रवासाला सुमारे तेरा तास घेतात.