पोळ्याच्या आधी पोहोचणारा निरोप

नमस्कार श्रोतेहो.

आज मी बोलणार आहे जनावरांच्या दवाखान्यांच्या प्रचाराबद्दल. डॉक्टरला कशाला हवा प्रचार, असं काहींच्या मनात आलंही असेल. पण नागपूरच्या धरमपेठेतलं काचेच्या दाराचं पेट क्लिनिक असो, की काटोल-सावनेरकडे मोटरसायकलवर फिरून गायी-म्हशी तपासणारे डॉक्टर असोत, दोघांची अडचण सारखीच. जनावर धडधाकट असताना मालक फिरकत नाही, आणि आणतो तेव्हा दुखणं हाताबाहेर चाललेलं असतं. संध्याकाळी सातच्या सुमारास नागपुरातल्या कुठल्याही दवाखान्यात बसा, "डॉक्टरसाहेब, चार दिवसांपासून काही खाऊनच नाही राहिलं" हे ऐकायला मिळेल. पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूरोग, झालेल्या पिल्लासाठी चार दिवस फार झाले. लसीची आठवण वेळेवर गेली असती, तर बहुधा ते पिल्लू त्या टेबलावर आलंच नसतं.

अशा दवाखान्यांसाठी मेसेज, पत्रकं, ऑडिओ क्लिप लिहून देणं हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे मी तटस्थ आहे असं समजू नका.

आधी नियमांचं सांगून टाकतो. पशुवैद्यकांसाठी आपल्याकडे १९८४चा भारतीय पशुवैद्यकीय परिषद कायदा आहे, आणि १९९२ची आचारसंहिता आहे. किराणा दुकानासारखी आरोळी देऊन रुग्ण ओढणं तिला मान्य नाही, आणि मला ते पटतं. नसबंदीच्या शस्त्रक्रियेवर 'दिवाळी धमाका' सूट लावलेला फ्लेक्स पाहिला की पहिला विचार मनात येतो तो हा, की ही सूट नेमकी कशातून काढली? भूल देण्यातून, की टाक्यांच्या धाग्यातून? चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना लगाम घालणारा १९५४चा एक कायदाही आहे. त्यातल्या औषधाच्या व्याख्येत जनावरांची औषधंही येतात, हे पुष्कळांच्या लक्षात नसतं. उपयोगी माहिती लोकांपर्यंत पोहोचवणं ही गोष्ट मात्र वेगळी. लस कधी द्यायची, कुठल्या लक्षणाला थांबायचं नाही, हे सांगण्याला आरोळी कोण म्हणेल?

आता अडचण अशी की हे लिहायचं कोणी? दवाखान्यात एक डॉक्टर आणि एक कंपाउंडर. हातात कुत्रं धरलेलं, फोन वाजतोय, बाहेर मांजरीची टोपली घेऊन कोणी बसलंय. इथे पोस्ट कोण लिहिणार? म्हणून तयार मजकूर विकत घेण्याची पद्धत आली. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये हा रीतसर धंदाच आहे. महिन्याची वर्गणी भरायची, की फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट, ईमेलने पाठवायची वार्तापत्रं, लहान लेख, प्रतीक्षागृहात ठेवायची पत्रकं असं सगळं येतं. आपलं नाव आणि लोगो टाकला की झालं. सोय उत्तम आहे, आणि त्यातला पुष्कळसा मजकूर शास्त्राला धरूनही असतो.

फक्त त्याचं पंचांग आपलं नसतं. तिकडे फेब्रुवारी हा पाळीव प्राण्यांच्या दातांचा महिना. जुलैच्या सुरुवातीला फटाक्यांचा इशारा येतो, कारण ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. ऑक्टोबरअखेर चॉकलेटपासून सावध करतात, कारण तिकडे हॅलोविन. चॉकलेट कुत्र्याला विषारीच आहे, वादच नाही. पण इतवारीतल्या घरात ऑक्टोबर-नोव्हेंबरला कुत्र्याला खरा धोका असतो तो सुतळी बॉम्बचा. घाबरून दाराबाहेर धूम ठोकायची आणि परत यायचा रस्ता चुकायचा. तो निरोप त्यांच्याकडून जुलैत येतो, आणि जुलैत आपल्याकडे भर पावसात गोचिडांनी कुत्र्याचे कान भरलेले असतात. गोचिड-तापाच्या त्या हंगामात फटाक्यांची पोस्ट टाकणारं क्लिनिक मी पाहिलं आहे. लोक हसले आणि पुढे सरकले.

उन्हाळ्याचंच बघा. परदेशी मजकूर सांगतो, एसी चालू ठेवा. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेलेल्या नागपुरात निम्म्या घरांची भिस्त कूलरवर. भर दुपारी लाइट जाते, कूलर बंद पडतो, आणि चपट्या नाकाचा पग धापा टाकायला लागतो. आपल्याकडचा मेसेज असा हवा: लाइट गेली तर कुत्र्याला घरातल्या सगळ्यात थंड फरशीवर आणा, नळाच्या पाण्याने अंग, पोट, पंजे ओले करा, वारा घाला. धाप कमी होत नसेल, जीभ गडद लाल दिसत असेल, तोल जात असेल, तर फोन करून लगेच निघा. आणि कुत्र्याला फिरवायला न्यायच्या आधी हाताची पालथी बाजू डांबरावर ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

जानेवारीत संक्रांत. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो दरवर्षी झाडांवर लोंबकळतोच. पंखात मांजा अडकलेलं पाखरू मुलं उचलून आणतात आणि आधी दोरा ओढतात. ओढू नका. जवळच सैल कापा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, आणि दवाखान्यात न्या. चारच वाक्यं. पण संक्रांतीच्या आदल्या दिवशी गेली तर कामाची, नंतर गेली तर नुसती हळहळ.

आणि मग पोळा. इथे जरा थांबतो, कारण तयार मजकुराच्या कुठल्याच गठ्ठ्यात पोळा सापडत नाही. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, हळद-तूप लावतात, आणि कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी तो पाहुणा खरंच जेवतो. पुरणपोळ्या, गूळ, शिजवलेलं धान्य, घराघरातून एकेक घास. आता बैलाचं मोठं पोट चाऱ्यासाठी घडलेलं. त्यातले जंतू चारा सावकाश कुजवतात. एकदम ढीगभर पीठ आणि गूळ आत गेला की ते भराभर आंबतं, आम्ल वाढतं, पोट फुगतं, रवंथ थांबतो. वर्षभर राबलेला बैल सणाच्या रात्री गोठ्यात मान टाकून उभा राहतो, आणि मालकाला वाटतं की थकला असेल. जास्त झालं तर जनावर दगावतंही. सणाचा मान ठेवूनच हे सांगता येतं: नैवेद्याची पोळी एकच द्या, बाकी हिरवा-वाळला चारा पोटभर द्या, शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा, आणि रात्री एकदा रवंथ करतोय का बघा. थांबला असेल तर सकाळची वाट पाहू नका.

हा निरोप चित्र काढून इन्स्टाग्रामवर टाकला तर उमरेडच्या शेतकऱ्यापर्यंत जाणार नाही. त्याला लागते चाळीस सेकंदांची ऑडिओ क्लिप, त्याच्याच डॉक्टरांच्या आवाजात, त्याच्याच बोलीत. गावच्या ग्रुपवर एकदा पडली की ती आपोआप पुढे जाते. आवाज ओळखीचा असतो, म्हणून लोक शेवटपर्यंत ऐकतात.

ओळखीच्या आवाजाची किंमत २०२२मध्ये कळली. लम्पी आला होता. गायींच्या अंगावर गाठी, ताप, आणि मोबाइलवर अफवांचा पूर. दूध पिऊ नका, माणसाला होतो, असं काहीही. लम्पी माणसाला होत नाही. तो पसरतो मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचिडांमुळे, आणि त्या वेळी गायींना शेळ्यांच्या देवीची लस टोचली जात होती. एवढं साधं सांगणं होतं. पण ज्या डॉक्टरने आधी कधीच काही पाठवलं नव्हतं, त्याचा मेसेजही त्या पुरात आणखी एक फॉरवर्ड होऊन गेला. वर्षभर जंताच्या औषधाची, घटसर्प-फऱ्याच्या लसीची आठवण करून देणाऱ्यावर लोकांचा भरवसा आधीच बसलेला होता.

आठवण करून देणं हाच माझ्या मते सगळ्यात चांगला प्रचार, आणि त्याला लेखक लागतच नाही. पिल्लाची पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, तीन महिन्यांनंतर रेबीजची, आणि नंतर डॉक्टर सांगतील तसा दरवर्षीचा डोस. वर्षाचा डोस बहुतेक घरांत विसरला जातो. कंपाउंडरने रजिस्टर उघडून दुपारी दहा फोन केले, तर कुठल्याही रीलपेक्षा जास्त काम होतं. पण रीलवर लाइक दिसतात आणि रजिस्टरवर दिसत नाहीत.

एक गोष्ट मी कुणाच्याही मजकुरात लिहीत नाही: औषधाचा डोस. माणसाची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, मांजरीच्या जिवावर उठते. "अर्धी गोळी चालेल" असा मेसेज तुमच्याकडे आला, तर तो कुणाच्याही नावाने आलेला असो, पुसून टाका. जखमांचे, शस्त्रक्रियेचे फोटोही मालकाला विचारल्याशिवाय टाकू नयेत. जनावर बोलत नाही, पण त्याच्या घरच्यांना काय वाटेल याचा विचार करावा.

आता माझं खरं म्हणणं. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८पासून उभं आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली झालं आणि त्याचं मुख्यालयही आपल्याच शहरात. गवळाऊ गाय, नागपुरी म्हैस, बेरारी शेळी ही इथली जनावरं. त्यांच्याबद्दलचा मजकूर बाहेरून का यावा? तयार मजकूर वाईट नाही, तो इथे तयार होत नाही हे वाईट. दहा-बारा दवाखान्यांनी मिळून वर्गणी काढावी, वर्षाचं एक कॅलेंडर बसवावं: संक्रांत, होळीचे रंग, मेचं ऊन, पावसाआधीच्या लसी, पोळा, दिवाळी, आणि २८ सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिवस. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी क्लिप लिहाव्यात, प्राध्यापकांनी तपासाव्यात, आणि प्रत्येक डॉक्टरने त्या स्वतःच्या आवाजात बोलाव्यात. मराठीत, हिंदीत, आणि शहराबाहेर वऱ्हाडीत. असं झालं तर माझं काम थोडं कमी होईल, पण चालेल.

रेबीजच्या दिवशी काय सांगायचं तेही ठरलेलं आहे. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना-तिखट काहीही भरू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगाला उपाय जवळपास नाहीच.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कुत्रं, मांजर, गाय, शेळी आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांचा नंबर सेव्ह करून ठेवा. नसेल तर १९६२ हा पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा टोल फ्री नंबर आहे. आणि डॉक्टरमंडळी ऐकत असतील तर त्यांना एवढंच: पोळ्याची क्लिप श्रावण लागायच्या आत रेकॉर्ड करून ठेवा. ऐन सणाच्या आठवड्यात तुम्हाला श्वास घ्यायलाही फुरसत मिळणार नाही.

नमस्कार.