थंडीतलं बोन्साय आणि मतलई वारा

नमस्कार श्रोतेहो. कोकणातली थंडी ती काय, असं म्हणत डिसेंबरात अंगणातल्या बोन्सायकडे दुर्लक्ष होतं. दापोलीकडे एखाद्या वर्षी पारा दहाच्या खाली जातो, हे खरं. पण आपले वड, उंबर, चिंच, बोगनवेल गारठ्याने सहसा दगावत नाहीत. दगावतात ते वाऱ्याने. रात्रीपासून सकाळपर्यंत घाटाकडून वाहणारा कोरडा मतलई वारा दोन इंच खोल ट्रेमधली माती पार सुकवून टाकतो. पुन्हा सांगतो: गारठा नाही, वारा. म्हणून झाडाला आडोसा हवा.

आडोशाचा विषय निघाला की यामाकींचा पाइन सांगायलाच हवा. हिरोशिमाचे मासारू यामाकी हे बोन्सायमधले मोठे जाणकार. त्यांच्याकडे 1625 पासून कुंडीत वाढवत आणलेला जपानी पाइन होता. 6 ऑगस्ट 1945 ला सकाळी सव्वाआठला अणुबॉम्ब पडला, तो त्यांच्या घरापासून साधारण तीन किलोमीटरवर. काचा फुटून घरभर उडाल्या, माणसांना किरकोळ जखमा झाल्या. झाडं मात्र नर्सरीच्या उंच भिंतीआड होती. ती भिंत होती म्हणून पाइन वाचला! पुढे 1976 साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा, जपानने 53 बोन्साय भेट दिले. त्यात यामाकींनी दिला तो हाच पाइन. बॉम्ब टाकणाऱ्या देशाच्या राजधानीत तो जाऊन बसला, आणि वॉशिंग्टनच्या संग्रहालयात त्याची निगा राखणाऱ्यांना हिरोशिमाची हकिगत ठाऊकच नव्हती. 2001 मध्ये यामाकींचे दोन नातू आजोबांचं झाड बघायला आले, तेव्हा कुठे उलगडा झाला.

हे ऐकून लगेच ऑनलाइन पाइन मागवू नका हं. त्याला विश्रांतीसाठी खरी कडक थंडी लागते, ती आपल्याकडे नाही. वड लावा, करवंद लावा. आणि ते मातीवर गोंदाने गोटे चिकटवलेले बोन्साय विकत घेऊच नका. त्यात पाणी मुरणार कुठून?

तर आडोसा. आपल्याकडे जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडांची कुंपणाची भिंत, असतेच. ट्रे गडग्याच्या पश्चिमेला, एका चिऱ्यावर ठेवा. झाडाचा शेंडा गडग्याच्या वर येता कामा नये. दक्षिण बाजू मोकळी हवी, या दिवसांत ऊन तिकडूनच येतं.

पाणी सकाळी, ऊन आल्यावर. रोज ठरावीक तांब्या ओतू नका. नारळाचा हीर, म्हणजे झावळीच्या पात्यातली काडी, मातीत तळापर्यंत खोचा, दहा मिनिटांनी काढा. ओला निघाला तर पाणी नाही, कोरडा निघाला तर खालच्या भोकांतून वाहीपर्यंत द्या. हीर आधी, पाणी नंतर. माती दगडासारखी झाली असेल तर वरून घातलेलं पाणी कडेने निसटतं आणि मुळं कोरडीच राहतात; तेव्हा ट्रे घमेल्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा.

फांद्यांना वळण द्यायला पावसात गुंडाळलेली तार एव्हाना सालीत रुतली असेल. ती उलगडू नका, पक्कडीने तुकडे करून काढा. मुळांची छाटणी आता नको. वड-उंबराची पावसाच्या तोंडावर करा.

पानं ठिपकेदार, निस्तेज दिसली तर फांदी पांढऱ्या कागदावर झटका. कागदावरचे कण चालू लागले, की समजा लाल कोळी ही कीड लागली. पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घालून ऊन उतरल्यावर फवारा. पाचव्या दिवशी पुन्हा फवारा, कारण अंडी मागे राहतात.