आगरातले बिननावाचे कंद

मंडळी, कोकणात गावचं बंद घर पुन्हा उघडलं की पहिला गडी लावला जातो तो आगराच्या, म्हणजे घरालगतच्या बागेच्या, साफसफाईला. टिकाव पडतो, रान निघतं, आणि मातीबरोबर विहिरीकडेचे, तुळशीमागचे, गडग्यालगतचे (दगडी कुंपणालगतचे) कंद वर येतात. कुणी लावले, कसले आहेत, घरात कुणालाच ठाऊक नसतं. सगळे ढिगात जातात. माझं हात जोडून सांगणं आहे, निदान एक वर्ष तिथे टिकाव नको. जे उगवेल त्याच्याशेजारी काठी रोवा आणि कॅलेंडरवर खूण करा. आपल्याकडच्या कंदांची ओळख त्यांच्या वेळेवरून फार लवकर पटते.

वळीव पडला की उघड्या मातीतून पानांशिवायच फुलं येतात. ताठ देठावर तांबडा गोल गेंद असेल तर तो मे फ्लॉवर. मातीला टेकलेली पांढरी-जांभळी, सुवासिक फुलं दिसली तर भुईचाफा. तो सकाळी वाकून पाहावा लागतो, नाहीतर पायाखाली जातो. दोघांचीही पानं मागून येतात. फुलाची वेळ हुकली असेल तर पान उलटून बघा. भुईचाफ्याचं पान खालून जांभळट असतं.

पांढरी, लांब पाकळ्यांची फुलं आणि बारा महिने हिरवी पानं, इथे बहुतेकांची गल्लत होते. फुलाच्या मध्यात डोकवा. पुंकेसरांना जोडणारी पातळ पांढरी वाटी दिसली तर ती स्पायडर लिली. वाटी नाही, केसर सुटे आणि जांभळट आहेत, तर तो नागदवणा. एवढ्या एका खुणेवर दोन्ही वेगळे काढता येतात.

आता एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. यातले कित्येक कंद हुबेहूब कांद्यासारखे दिसतात, पापुद्रेही तसेच. पण नागदवणा, लिली, रानकांदा पोटात गेले तर विषारी आहेत आणि कळलावी, ती लाल-पिवळ्या फुलांची वेल, तर जीवघेणी. उकरलेले कंद माळ्यावर कांद्या-बटाट्यांच्या शेजारी कधीही ठेवू नका. टोपलीवर ठळक चिठ्ठी लावा. हात धुवा.

हलवायचं ते झोपेत. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून वाळली की मार्गशीर्ष-पौषात कंद काढा, पहारीने लांबून माती सैल करून. तळाची चकती, जिथून मुळं फुटतात, ती शाबूत राहिली पाहिजे. पिल्ली हाताने सुटतील तेवढीच सोडवा. कंदाला जखम झाली तर चुलीतली राख लावा आणि सावलीत सुकवा. कळलावीचा कंद फार ठिसूळ, आणि कोंब टोकालाच असतो. टोक मोडलं की ती बाजू गेली. तो आडवा लावायचा.

लावणी मेच्या मध्यावर, वळवाच्या आधी. रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे इथे कंद मरतो तो तहानेने नाही, कुजून मरतो. वाफा वीतभर उंच करा, पागोळ्यांपासून लांब. वाळू नदीची घ्या, समुद्राची खारट असते. पावसाळी लिली दोन इंच खोल चालते. नागदवण्याची मान मात्र मातीच्या वर राहू द्या. तो झोपत नाही, म्हणून त्याला पाऊस लागल्यावरच हलवावा, मुळांसकट.

पावसाळ्यात लिलीच्या पानांवर काळी, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांची अळी येते आणि बघता बघता पानं फस्त करते. सकाळी हाताने वेचून काढली तर फवारणीची गरज पडत नाही.

आणि कातळसड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, पावसाच्या सुरुवातीला पांढरी दीपकाडी फुलते, ती आगरात आणायचा मोह होतो. ती आणू नका. ती जगात फक्त आपल्या या किनारपट्टीच्या पट्ट्यात आहे आणि चिरेखाणींनी तिची जागा आधीच खाल्ली आहे. सड्यावर जाऊन बघा, मुलांना दाखवा. आगरासाठी शेजाऱ्यांकडे पिल्ली मागा, कोकणात फुलझाडाला नाही म्हणणारं घर मला अजून भेटलेलं नाही.