एका तंतूचे फुगे

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर आडवा दिसतोय तो लाकडाच्या लगद्यातला एक तंतू. सूचिपर्णी झाडाचा, लांबी साधारण ३ मिलिमीटर, रुंदी ३० मायक्रॉनच्या आसपास. त्याच्याखालची काच ९० अंश सेल्सिअसवर तापलेली आहे. द्रावक आता कडेने आत येतोय.

पहिला फुगा. शेजारी दुसरा. बघता बघता तंतूची माळ झाली.

तंतूची भिंत थराथरांची असते. बाहेरची प्राथमिक भिंत पातळ, पण चिवट. ती फारशी फुगत नाही. तिच्या आत दुय्यम भिंतीचे थर: बाहेरचा एस-वन, त्याच्या आतला एस-टू सर्वांत जाड. एस-टू विरघळू लागला की आतून दाब येतो आणि प्राथमिक भिंत जागोजागी फाटते. तिथून एस-वन थर ताणला जातो, तोच फुगा. फाटलेली भिंत गुंडाळत मागे सरकते. मण्यांमधल्या आवळलेल्या कड्या तिच्याच. कापसाचे असे फुगे १८६४ सालीच नोंदले गेले होते.

द्रावक आहे एनएमएमओ (एन-मिथाइलमॉर्फोलिन एन-ऑक्साइड हे सेंद्रिय संयुग) आणि पाणी. सगळा खेळ या पाण्याचा. एनएमएमओमधला ऑक्सिजन सेल्युलोजला, म्हणजे तंतूच्या मुख्य घटकाला, धरतो, आणि पाणी तोच ऑक्सिजन अडवून बसतं. पाणी १७ टक्क्यांच्या आत असेल तर फुगे येतच नाहीत, तंतूचे तुकडे पडून ते विरघळतात. १९ ते २४ टक्क्यांत फुगे येतात, फुटतात, अख्खा तंतू विरतो. २५ ते ३० टक्क्यांत फुगे येतात, पण तंतू पुरता विरघळत नाही. ३५ टक्क्यांपुढे तो सगळीकडून जरासा फुगतो, बस्स.

म्हणून पाणी अंदाजानं ठरवायचं नाही. बाजारातलं एनएमएमओचं ५० टक्क्यांचं १०० ग्रॅम द्रावण घ्या, निर्वातात ३७.५ ग्रॅम पाणी उडवा; २० टक्के पाणी उरतं. अपवर्तनांकमापकावर (द्रावणात प्रकाश किती वाकतो ते मोजणाऱ्या उपकरणावर) तपासा. बाटली उघडी राहिली तर द्रावक हवेतलं बाष्प ओढतो आणि तुमचा आकडा खोटा ठरतो. काच थंड असेल तर द्रावकाचे स्फटिक धरतात. आणि लगदा १०५ अंशांवर कडक वाळवू नका: तंतूतली छिद्रं मिटतात, ती पुन्हा पूर्ण उघडत नाहीत. तापमानही जपा. १२० अंशांच्या पुढे एनएमएमओ विघटित होऊ लागतो, लोखंड-तांब्याचा अंश असेल तर हे विघटन भडकूही शकतं.

लायोसेल या सेल्युलोजच्या कापडाचा धागा याच द्रावकातून निघतो.

आता फुगे फुटतायत. मग कड्यांजवळचा न फुगलेला भाग विरतो. फुटलेल्या फुग्यांच्या सालीचे तुकडे सगळ्यांत शेवटी जातात.