हौदातला गप्पी हौदातच राहू द्या

नमस्कार मंडळी, पावसाळा आला की डास आलेच, म्हणून आज गप्पी माशाबद्दल बोलूया. आरोग्य केंद्रातून आणून हौदात सोडतात ना, तोच. हा मूळचा आपला नाही बरं का, व्हेनेझुएला, त्रिनिदाद या भागातला, आणि त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी यांनी तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवला, १८६६ मध्ये त्यांचं नाव त्याला दिलं गेलं ते आजपर्यंत चिकटलंय.

नर जेमतेम ३ सेंटिमीटरचा पण रंगीत, मादी मोठी आणि मातकट. जॉन एंडलर या शास्त्रज्ञाने त्रिनिदादच्या ओढ्यांत पाहिलं की मोठे शिकारी मासे असतील तिथे नर फिकट असतात, आणि शिकारी नसलेल्या ओढ्यात तेच गप्पी नेऊन सोडले तर साधारण दोन वर्षांत पुढच्या पिढ्यांतले नर जास्त रंगीत झाले! मला हे फार भारी वाटतं.

आता हौदात वाकून बघा. क्युलेक्स डासाची अळी डोकं खाली करून, शेपटाकडची नळी पाण्याच्या वर लावून श्वास घेत लटकलेली असते, आणि गप्पीचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, त्यामुळे तो खालून येतो आणि टपकन उचलतो. मादी अंडी घालत नाही, साधारण महिन्याभराने थेट पिल्लंच देते, आणि एकदा नराशी संग झाला की पुढचे काही महिने नर नसला तरी पिल्लं होत राहतात, म्हणजे मोजके मासे सोडले तरी पुरतात. फक्त मोठे गप्पी पिल्लांना खातात, तेव्हा पिल्लांना लपायला थोडं शेवाळ राहू द्या.

पाण्यात नुकतीच टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर लगेच मासे सोडू नका, मरतात. घरातला रांजण, ड्रम यांना गप्पी नको, आठवड्यातून एकदा ते रिकामे करून, घासून, वाळवून कोरडा दिवस पाळा.

आणि कळकळीने सांगते, नदीत, ओढ्यात, तळ्यात गप्पी अजिबात सोडू नका. तो घाण पाण्यातही तगतो, भराभर वाढतो आणि आपल्या माशांचं खाणं, त्यांची पिल्लंसुद्धा खातो. सह्याद्रीच्या ओढ्यांत पॅनचॅक्ससारखे आपले मासे डासांच्या अळ्या खातातच की, तिथे बाहेरचा कशाला?

आणायला जाताना झाकणाचा डबा न्या, केंद्रातल्या टाकीचंच पाणी घ्या आणि डबा उन्हात ठेवू नका.