काचेच्या पुलाखाली काय दिसेल?

श्रोतेहो, नमस्कार. ३० डिसेंबर २०२४ रोजी कन्याकुमारीच्या समुद्रात विवेकानंद शिलास्मारक आणि तिरुवळ्ळुवर या प्राचीन तमिळ कवीचा पुतळा यांना जोडणारा ७७ मीटर लांबीचा काचेचा पादचारी पूल खुला झाला. असा पूल आपल्या पंचगंगेवरही असावा, असे कोल्हापुरात अनेकांच्या मनात येऊन गेले असेल.

काच म्हणजे पारदर्शकता आणि पारदर्शकता म्हणजे विश्वास, असे आपण सहज मानतो. पुलाचा आराखडा करणारा अभियंता मात्र काचेवर मुळीच विश्वास ठेवत नाही. पोलाद वाकून आधी इशारा देते, काच एकदम फुटते. म्हणून कडक केलेल्या काचेचे तीन किंवा अधिक थर, मध्ये चिवट पारदर्शक पापुद्रा घालून, एकत्र सांधले जातात आणि वरचा थर फुटला तरी उरलेल्या थरांनी दाटीने उभ्या असलेल्या गर्दीचा, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलोंचा, भार पेलावा असा हिशेब केला जातो. काच फुटणारच, हे धरूनच तो विश्वास उभारलेला असतो.

घसरण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. व्हेनिसमध्ये २००८ साली खुल्या झालेल्या पुलाच्या काचेच्या पायऱ्यांवरून इतके लोक घसरले की तेथे काचेऐवजी दगड बसवण्याचे ठरवावे लागले. म्हणून काचेवर खरखरीत ठिपके भाजून बसवतात. त्यांच्यामुळे खालून वरचे दिसणेही अडते. साडी नेसून चालणाऱ्या बाईसाठी ही गोष्ट किरकोळ नाही, आराखडा करणाऱ्या पुरुषांना ती बहुधा उशिरा सुचते.

आता पंचगंगेचे पाहू. राजाराम बंधाऱ्यापाशी तिची धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांत ती कितीतरी मागे पडली. ओंडके वाहून आणणाऱ्या पुराच्या वर राहील इतका उंच पूल बांधायचा, तर त्याचे चढ लांबतील आणि वृद्धांना ते जड जातील. पूर ओसरल्यावर उन्हाळ्यात त्या काचेखाली काय दिसेल? जलपर्णी आणि सांडपाण्याचा काळपट प्रवाह. कन्याकुमारीचा पूल दोन विचारपरंपरांना जोडतो असे म्हणता येते, कारण दोन्ही टोकांना त्या आहेत. इथला पूल आपल्याला आपणच नदीत सोडलेले पाणी दाखवील, आणि माझ्या मते ते प्रतीक अधिक प्रामाणिक ठरेल.

तेव्हा पूल झालाच, तर काच मधल्या पट्ट्यापुरती असावी, उंचीची भीती वाटणाऱ्यांसाठी दोन्ही कडांना काळ्या दगडाची वाट असावी आणि नदीला मिळणारे नाले अडवण्याचा खर्च पुलाच्याच अंदाजपत्रकात धरावा.